‘करण्यात आले’... पण कुणी?

मार्च संपत आला की माझा फोन एका ठरावीक कारणासाठी वाजायला लागतो. ‘ए, तू लिहितेस ना? मग माझं सेल्फ-अप्रेझल पण लिहून दे ना, प्लीज!’ कॉलेजच्या ग्रुपमधले निम्मे हिंजवडीत, उरलेले पवईत नाहीतर ऐरोलीत. वर्षभर ज्यांना हा कॉलम वाचायला वेळ नसतो, त्यांना या पंधरा दिवसांत मी अचानक थोर लेखिका वाटायला लागते. रेट ठरलेला आहे. एक मिसळ, एक्स्ट्रा पाव आणि वर ताक.

यंदा पहिला नंबर लागला तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या एका मैत्रिणीचा. फॉर्ममध्ये सहा चौकोन. पाच आकड्यांचे आणि सहावा असा : ‘या वर्षात तुमची व्यावसायिक वाढ कशी झाली, यावर चिंतन करा. शब्दमर्यादा ३००.’ चिंतन! तेही ३१ तारखेच्या संध्याकाळी सहाच्या आत! आम्ही मिसळीच्या दुकानातच लॅपटॉप उघडला, मागच्या वर्षीचा मजकूर काढला, तारखा बदलल्या, दोन ठिकाणी ‘एआय टूल्स’ घुसवलं. वीस मिनिटांत काम फत्ते. टीमने अमुक साध्य केलं, प्रोसेस सुधारण्यात आली, स्टेकहोल्डर्सशी संवाद साधण्यात आला.

‘आणि ते नोव्हेंबरचं?’ मी विचारलं.

नोव्हेंबरमध्ये ही बाई मला रात्री दीड वाजता फोन करून रडली होती. एका रिलीजला तिने घाईत ‘ओके’ दिला होता. एक टेस्ट चालवायची राहिली, आणि काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. दोन दिवसांत सगळं निस्तरलं, पण पुढचे दोन आठवडे तिला झोप नव्हती. त्यानंतर तिने स्वतःसाठी एक चेकलिस्ट बनवली, जी आता तिची अख्खी टीम वापरते. माझ्या मते वर्षभरातली तिची खरी वाढ ती एवढीच, आणि ती सॉलिड होती.

‘वेडी आहेस का?’ ती म्हणाली. ‘ते कोण लिहितं?’

त्याच रात्री न्यू जर्सीहून ताईचा मेल आला. सोबत दोन फाइल्स. खाली एकच ओळ : ‘दोन्ही वाच, आणि यातली कुठली पाठवू ते सांग.’

*

ताई म्हणजे माझी मावसबहीण. आमच्यात अठरा वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे माझ्या लहानपणी ती ऑलरेडी मोठ्या माणसांत जमा होती. २००४ साली लग्न करून अमेरिकेला गेली. बी.एड. झालेली, गणित घेऊन, दोन वर्षं शिकवलेलं. पण भाओजींच्या मागोमाग एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकोला तेव्हा काम करायची परवानगीच नव्हती. (२०१५ साली ती मिळायला लागली, तीही सगळ्यांना नाही.) मग ताई काय करायची, तर जवळच्या शाळेत फुकट जाऊन लायब्ररीतली पुस्तकं लावायची. ग्रीन कार्ड हातात आल्यावर आधी बदली शिक्षिका, मग ‘अल्टरनेट रूट’ने पक्की शिक्षिका. हा मार्ग न्यू जर्सीने १९८०च्या दशकातच सुरू केला होता : विषयाची डिग्री आहे ना, मग नोकरी करता करता शिक्षकाचं ट्रेनिंग पूर्ण करा. पुढे वाइस प्रिन्सिपल, पुढे एका प्राथमिक शाळेची प्रिन्सिपल. आणि आता, वयाच्या ४६व्या वर्षी, तिला व्हायचंय सुपरिटेंडंट.

आपल्याकडे सुपरिटेंडंट म्हटलं की एक तर पोलीस आठवतात, नाहीतर हॉस्टेलचा रेक्टर. तिथे तो सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टचा प्रमुख. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे बरं का. अमेरिकेत असे साधारण १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. न्यूयॉर्क शहराचा एकच, ज्यात लाखो मुलं. हवाई हे अख्खं राज्य मिळून एक. आणि न्यू जर्सी, जे नकाशात बोटाच्या नखाएवढं दिसतं, तिथे जवळजवळ सहाशे! एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये तर एकच शाळा. गाव तिथे डिस्ट्रिक्ट, म्हणा ना.

त्या डिस्ट्रिक्टवर लोकांतून निवडलेलं एक बोर्ड असतं, बहुतेक ठिकाणी नऊ जणांचं. न्यू जर्सीत या मेंबरांना पगार नसतो. कुणी डेंटिस्ट, कुणी विमा एजंट, कुणी घरी मुलं सांभाळणारी आई. हे नऊ जण इंटरव्ह्यू घेऊन सुपरिटेंडंट नेमतात. करार तीन ते पाच वर्षांचा. कायम नोकरीचं संरक्षण तिथे १९९१ सालीच गेलं. आपला शिक्षणाधिकारी एमपीएससीतून किंवा बढतीने येतो, बदली झाली की ट्रकमध्ये सामान भरून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. यांचा मात्र करार संपला आणि नऊपैकी पाच जणांची मर्जी फिरली, की संपलंच.

आणि काम काय? तर सगळंच. शिकवण्याची दिशा ठरवा, शिक्षक नेमा, युनियनशी वाटाघाटी करा, बस चालवा. न्यू जर्सीत लोक घराचा जो कर भरतात, त्यातला साधारण निम्मा शाळांना जातो, म्हणून प्रत्येक जण सुपरिटेंडंटला आपलाच नोकर समजतो. त्यात २०११पासून हा कर सहसा वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. विम्याचे हप्ते मात्र कुणाला विचारून वाढत नाहीत. शिवाय बर्फ! रात्री बर्फ पडला तर पहाटे साडेचारला उठून, रस्तेवाल्यांना फोन करून, आज शाळा ठेवायची की नाही हे ठरवायचं. सुट्टी दिली तर नोकरी करणारे आईबाप चिडतात, नाही दिली आणि बस घसरली तर... वर्षाचे १८० दिवस भरायचे ते वेगळेच.

‘एवढा ताप कशाला हवाय तुला?’ मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘शाळेतल्या दहा बायकांत एखादाच पुरुष शिक्षक असतो आमच्याकडे. सुपरिटेंडंटांच्या मीटिंगला गेले तर उलटं. टायच टाय!’ हे तिने थोडं फुगवून सांगितलं असेल, पण फार नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत तीन चतुर्थांशांहून जास्त शिक्षक बायका आहेत, आणि सुपरिटेंडंटांत बायका जेमतेम एक चतुर्थांश.

*

या पदासाठी न्यू जर्सीत लायसन्स लागतं. मास्टर्सची डिग्री, शाळेतला अनुभव, एक परीक्षा आणि दीडशे तासांची इंटर्नशिप. ती इंटर्नशिप सहसा स्वतःच्याच डिस्ट्रिक्टमध्ये, दिवसाची नोकरी सांभाळून करायची. आणि त्या तासांची वही ठेवायची. नुसते तास नाहीत. प्रत्येक कामाखाली लिहायचं : मी काय केलं, का केलं, त्यातून माझ्यात काय बदललं. नेतृत्वाचे दहा निकष आहेत, २०१५ साली ठरवलेले. नीतिमत्ता, समान संधी, पालकांशी नातं वगैरे. यातल्या कुठल्या निकषाशी तुमचा अनुभव जुळतो तेही दाखवायचं. म्हणजे आपल्या त्या सहाव्या चौकोनाची आजीच!

या सगळ्या प्रकाराच्या मागे डोनाल्ड शॉन नावाचे एक एमआयटीतले प्राध्यापक होते. १९८३ साली त्यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ नावाचं पुस्तक लिहिलं. आर्किटेक्ट, मानसोपचारतज्ज्ञ, इंजिनिअर, मॅनेजर अशी कामात मुरलेली माणसं नेमका विचार कसा करतात, ते त्यांनी पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे लोक पुस्तकातला नियम उचलून प्रश्नाला चिकटवत नाहीत. काम करता करता काहीतरी अनपेक्षित घडतं, त्यावर ते थबकतात, आणि तिथेच शिकतात. शिक्षकांच्या आणि नर्सच्या ट्रेनिंगमध्ये ही कल्पना पार मुरली. कॉर्पोरेटमध्येही आली, पण तिथे तिचा फॉर्म झाला. अनपेक्षित ते गळलं, शब्दमर्यादा उरली.

ताईच्या पहिल्या फाइलमध्ये तेच झालं होतं.

तिच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल्या हिवाळ्यात शाळांच्या हद्दी बदलायचं काम निघालं. एक शाळा भरून वाहत होती, दुसरीत वर्ग रिकामे. मग कुठल्या गल्लीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार, याची रेघ हलवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण तिथले लोक शाळा बघून घर घेतात. रेघ हलली की किमती हलतात, मैत्रिणी तुटतात, पोरं रडतात. ताईला इंटर्न म्हणून काम मिळालं ते पालकांचं म्हणणं गोळा करण्याचं. त्यातही एका भाड्याच्या अपार्टमेंटच्या वसाहतीचं. साधारण १४० कुटुंबं, बहुतेक घरी स्पॅनिश बोलणारी.

पहिल्या फाइलमधलं इंग्रजी माझ्या मैत्रिणीच्या फॉर्मला शोभेल असं होतं. आम्ही सर्वेक्षण पाठवलं. सर्व संबंधितांशी संपर्क साधण्यात आला. आलेल्या प्रतिसादांचं विश्लेषण करण्यात आलं. अहवाल बोर्डाला सादर करण्यात आला. निकष क्रमांक अमुक, तमुक. एकदम चकाचक.

ही फाइल तिने आधी तिच्या मेंटॉर बाईंना दाखवली होती. त्या एका दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या निवृत्त सुपरिटेंडंट, सत्तरीच्या. त्यांनी प्रिंट काढून प्रत्येक ‘आम्ही’भोवती पेन्सिलने गोल केले आणि कागद परत दिला. शेवटी फक्त एक प्रश्न : ‘यात तू कुठे आहेस?’

*

ताईला राग आला. साहजिक आहे. दिवसभर शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री असाइनमेंट, त्यात स्वतःची पोरगी बारावीला. त्या रात्री तिने साताऱ्याला मावशीला फोन लावला. म्हणजे आपल्याकडची सकाळ, मावशीच्या चहाची वेळ.

आमची मावशी जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका. १९७२ ते २००९, सगळी नोकरी खेड्यांत. आता ७४ वर्षांची आहे, पण फोनवर अजून वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. ताईने तिला फाइलमधली वाक्यं मराठीत करून सांगितली आणि मावशी खो खो हसायला लागली.

‘अगं, हे तर आपलं जावकाचं मराठी! करण्यात आले, घेण्यात आली, देण्यात आले. आमच्या शाळेत सदतीस वर्षं सगळं होत होतं, पण कुणी काही करतच नव्हतं!’

बघा ना, खरंच. सरकारी मराठीइतकी सभ्य भाषा दुसरी नसेल. झाडे लावण्यात आली. झाडे जगली नाहीत. पहिल्या वाक्यात लावणारा नाही, दुसऱ्यात पाणी न घालणारा नाही. दोष असला तर झाडांचा! आणि आपण ऑफिसवाले या भाषेला हसतो, पण आपला मेल काय वेगळा असतो? ‘डेडलाइन मिस झाली.’ कशी झाली? आपोआप? डेडलाइनला पाय फुटले?

हसून झाल्यावर मावशी जरा थांबली. म्हणाली, ‘थांब, माझी वही आणते.’

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पाठाचं टाचण काढावं लागायचं. आज काय शिकवणार, कसं शिकवणार. वहीवर मुख्याध्यापक सही करायचे. ‘पाहिले’ असा शेरा, खाली तारीख. पुढची पानं साहेबांसाठी. पण मावशीने नोकरीभर त्याच वह्यांच्या शेवटच्या पानांवर, वही उलटी धरून, दुसरंच काहीतरी लिहिलं होतं. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताईलाही नाही, तिच्या पोटची मुलगी असून.

मावशीने वाचून दाखवलेलं पान १९८३चं होतं. शाळेची वार्षिक तपासणी होती. विस्तार अधिकारी येणार, मुलांना वाचायला लावणार, पाढे विचारणार, मग शेरेबुकात शेरा लिहिणार. चौथीत एक मुलगा होता, ज्याला वाचता येत नव्हतं. मावशीने आदल्या दिवशी त्याला सांगितलं, उद्या येऊ नकोस. तेव्हा असं सगळेच करायचे, ती म्हणाली. तपासणी झकास झाली. शेरा उत्तम मिळाला. आणि तो मुलगा त्या दिवसानंतर शाळेत आलाच नाही. ती दोनदा घरी जाऊन आली. आईने सांगितलं, त्याला शेळ्यांमागे लावलाय. बाईंनीच नको म्हटलं ना.

वहीत एवढंच होतं : ‘मी त्याला येऊ नको म्हटले. त्याला वाटले कायमचे. मी चुकले. यापुढे तपासणीला पट पूर्ण.’

‘मग पुढच्या वर्षी?’ ताईने विचारलं.

‘पुढच्या वर्षी सगळी पोरं बसवली. शेरा ‘साधारण’ मिळाला. गोपनीय अहवालातही उतरलं असणार. बढती उशिरा आली मला, तुला आठवतं ना?’

ताईला आठवत होतं. त्या वर्षी घरात नवीन फ्रिज यायचा होता, तो आला नव्हता.

*

त्या रात्री ताईने दुसरी फाइल लिहिली. ती मी तीनदा वाचली.

त्यात होतं की मी सर्व्हे इमेलने पाठवला, कारण ते सोपं होतं. मी तो इंग्रजीत पाठवला आणि खाली भाषांतराची एक लिंक दिली, कारण मला वाटलं तेवढं पुरतं. १४० कुटुंबांतून ११ उत्तरं आली. हे कमी आहे हे मला दिसलं होतं, पण दोन दिवसांत अहवाल द्यायचा होता. म्हणून मी लिहिलं, ‘संपर्क पूर्ण.’ मग बोर्डाची मीटिंग झाली. अशा मीटिंगा तिथे कायद्यानेच सगळ्यांसाठी खुल्या असतात, आणि लोकांना बोलायची संधी असते. ताईच्या डिस्ट्रिक्टमध्ये माणशी तीन मिनिटं. एक बाई उठली. सोबत तिची मुलगी, तिसरीतली, आईचं बोलणं इंग्रजीत करून सांगायला. आई म्हणाली, मी रात्रपाळी करते. आमच्याकडे गाडी नाही. आत्ताची शाळा चालत सात मिनिटांवर आहे, पोरीला ताप आला तर मी जाऊन आणू शकते. नवी शाळा बसने २५ मिनिटांवर. तुम्ही मला विचारलं का नाही?

मुलगी हे सगळं बोलत होती, आणि अडीच मिनिटांनी टायमरचा पिवळा दिवा लागला. ताई दुसऱ्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसली होती. स्क्रीनवर तिचा अहवाल उघडा. ‘संपर्क पूर्ण.’ बोर्डाने ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर केला.

फाइलच्या शेवटी तिने लिहिलं होतं, की मी स्वतः या देशात परवानगीशिवाय काहीच करू न शकणारी बाई म्हणून आले होते. शाळेतून येणारे कागद मला इंग्रजी येऊनसुद्धा कळायचे नाहीत. तरी मी या बायकांना मेल पाठवला.

आता तुम्हीच सांगा. यातली कुठली फाइल पाठवायला सांगाल?

भाओजींचं मत स्पष्ट होतं. ते त्यांच्या जागी बरोबरच होते. तुझा अहवाल चुकीचा होता हे तू तुझ्या हाताने लिहून देणार? ज्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी करतेस, तिच्याबद्दल? उद्या कुणी वकिलाने मागितलं तर? आणि ज्या बाई तुझं रेकमेंडेशन लिहिणार, त्याच हे वाचणार?

मी काय म्हटलं? लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, ताई, मधलं काहीतरी कर ना. अनुभव ठेव, ते ‘संपर्क पूर्ण’ काढून टाक. ‘प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी आला’ असं लिही. मी मास कम्युनिकेशन शिकलेली बाई! चांगल्या शब्दांत काहीच न सांगण्याचं रीतसर शिक्षण घेतलंय मी.

तिने उत्तर पाठवलं नाही. दोन दिवसांनी मेसेज आला : ‘दुसरी पाठवली.’

*

मेंटॉर बाईंनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. फोन करून विचारलं, ‘बरं, आता काय करणार आहेस?’ मला हा प्रश्न फार आवडला. कारण चिंतन-मननाच्या नादात माणूस स्वतःच्या चुकीच्याच प्रेमात पडण्याची भीती असते. किती प्रामाणिक आहे मी! रडून घ्यायचं, लिहून टाकायचं, मोकळं व्हायचं. त्या तिसरीतल्या पोरीला याचा काय उपयोग?

ताई आधी तिच्या सुपरिटेंडंटकडे गेली आणि त्यांना हे सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी काही वेळ पेनशी चाळा केला आणि म्हणाले, ठराव झालाय, तो उलटणार नाही, पण अंमलबजावणी सप्टेंबरपासून आहे. मग एका रविवारी ती शाळेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या सेक्रेटरीला घेऊन त्या वसाहतीच्या लाँड्री रूममध्ये जाऊन बसली. लाँड्री रूम का, तर रविवारी दुपारी सगळी वसाहत तिथेच असते, हे त्या सेक्रेटरीला माहीत होतं. तिला डिसेंबरमध्येसुद्धा माहीत होतं. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.

तीन रविवारांत ६२ कुटुंबं बोलली. रेघ हलली नाही. पण बोर्डाने एक सवलत दिली : पुढच्या वर्षी जी मुलं पाचवीला जातील, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला, त्यांना जुन्याच शाळेत राहता येईल. आणि बसचा एक थांबा हायवेच्या अलीकडे आला. त्या रात्रपाळीवाल्या बाईंना यातलं काहीच मिळालं नाही. पोरगी तिसरीत होती ना. ताई त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी कॉफी दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ठीक आहे. ताई म्हणते ते ‘ठीक आहे’ ठीक नव्हतं.

मला या सगळ्यात एक गोष्ट सारखी खटकत राहिली. माझी मैत्रीण काही भित्री नाही. ताईपेक्षा कमी प्रामाणिक तर अजिबात नाही. मग तिने नोव्हेंबर का लपवला? कारण साधं आहे. तिचा तो सहावा चौकोन जो वाचणार, तोच तिची पगारवाढ ठरवणार. एकाच कागदावर ‘मनमोकळं बोला’ आणि ‘यावर तुमचं रेटिंग ठरेल’ असं लिहिलं असेल, तर शहाणं माणूस मनमोकळं बोलणार नाही. बोलूही नये! मावशीची वही कुणी मागितली नव्हती. तिची बढती लांबली ती पुढच्या पानांमुळे, मागच्या पानांमुळे नव्हे. ताईची वही युनिव्हर्सिटीकडे गेली. वाचणाऱ्या बाई तिच्या बॉस नव्हत्या, पगार त्यांच्या हातात नव्हता. तरीही ताईला दोन रात्री लागल्या. एचआरवाल्या मंडळींनी हे दोन कागद वेगळे केले, तर फुकटात पुष्कळ काही कळेल त्यांना. ते करणार नाहीत हा भाग वेगळा. तोवर मागची पानं आपली आपणच ठेवायची.

(माझ्यासारख्या फ्रीलान्सरना तर अप्रेझलच नसतं. आम्हाला ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ एवढाच फीडबॅक.)

मैत्रिणीला मी हे सगळं दुसऱ्या मिसळीच्या वेळी सांगितलं. ती बराच वेळ पाव कुस्करत बसली. फॉर्म तर जाऊन चुकला होता. मग म्हणाली, ‘ती चेकलिस्ट आहे ना, तिच्या वर कशामुळे बनवली ते लिहिलेलंच नाहीये. नवीन आलेली पोरं विचारतात, ही सातवी पायरी कशाला? मी म्हणते, प्रोसेस आहे.’ सोमवारी तिने त्या फाइलच्या सुरुवातीला चार ओळी टाकल्या. त्यातली पहिली ‘मी’ने सुरू होते. बॉसने अजून पाहिलेल्या नाहीत, किंवा पाहून काही बोलला नसेल. रेटिंग नेहमीचंच आलं, मधलं.

ताईचे दीडशे तास पूर्ण झाले. परीक्षा पास झाली. जूनमध्ये एका शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये असिस्टंट सुपरिटेंडंटच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. नऊ जणांच्या बोर्डापुढे. ‘तुमचं एक अपयश सांगा’ हा प्रश्न विचारतातच म्हणे, आणि लोक ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ असलं काहीतरी ठोकून देतात. ताई काय सांगणार ते तिचं ठरलंय. भाओजींचं अजून ठरलेलं नाही.

मध्यंतरी मावशीने हट्ट धरला, मला ती फाइल मराठीत पाठव. ताईने रात्री जागून भाषांतर केलं. वीस वर्षांत तिचं मराठी लिखाण सुटलंय. ‘आय अझ्युम्ड’वर येऊन अडली, मला विचारलं, मी ‘गृहीत धरलं’ सुचवलं. साताऱ्यात मावशीने शेजारच्या मुलाकडून प्रिंट काढून आणली. परवा फॅमिली ग्रुपवर तिने त्या कागदाचा फोटो टाकला. ‘गृहित’मधली वेलांटी लाल पेनाने दीर्घ केलेली, ‘परिक्षा’मधलीही. आणि खाली कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात : पाहिले. सही. तारीख.